डाव्या मुठीचा अर्थ

मुंबईहून अहमदाबादेस जाणारा महामार्ग आणि ठाण्याकडून डोंगराच्या कडेनें येणारा घोडबंदरचा रस्ता हे दोन्ही जेथें एकमेकांस मिळतात, तें ठिकाण वरसावे. अंधेरीजवळचें वेसावे तें निराळें. हें वरसावे मिरा-भाईंदरच्या हद्दींतलें, वसईच्या खाडीच्या अलीकडच्या तीरावरचें. खाडीवर पूल पूर्वीपासून होताच. २०२३ सालीं त्याच्या शेजारीं नवा चौपदरी पूल खुला झाला. गुजरातेकडून येणाऱ्या मालमोटारी, वसई-विरारकडून कामावर निघालेले नोकरदार, ठाण्याकडे जाणारे व्यापारी आणि काशिमिऱ्याकडून येणाऱ्या रिक्षा हे सर्व या एका नाक्यावर क्षणभर थबकतात आणि आपापल्या वाटेस लागतात.

या नाक्यावर एखाद्यानें घटकाभर उभें राहावें आणि चालकांचे चेहरे न पाहतां केवळ त्यांचे हात पाहावे. एक रिक्षावाला डाव्या मुठीपुढची लिव्हर दाबतो, ती मूठच मनगटानें फिरवितो आणि गिअर बदलतो. त्याच्या शेजारचा मोटारसायकलस्वार तशीच डावी लिव्हर दाबतो. परंतु त्याची मूठ स्थिर राहते आणि गिअर पायानें बदलला जातो. मागच्या बिनगिअरच्या स्कूटरवर बसलेली बाई तीच लिव्हर दाबते, आणि तिची स्कूटर थांबते. कडेकडेनें जाणारा सायकलवाला तीच दाबतो, आणि त्याचें मागचें चाक अडतें. चार डावे हात, चार सारख्या लिव्हरी, आणि दाबण्याची क्रियाही एकच. पण पहिल्या दोघांच्या बाबतींत त्या क्रियेचा अर्थ ‘इंजिनाची चाकावरची पकड सोड’ असा आहे, तर उरलेल्या दोघांच्या बाबतींत ‘चाक धर’ असा आहे. एक सोडण्याची आज्ञा, दुसरी धरण्याची!

वाहन हातानें चालविण्याचीं साधनें कोठें असावीं याविषयींचे संकेत कसे ठरले, आणि त्यांत हा एवढा मोठा विसंवाद कसा राहिला, हा विषय वरवर पाहतां कारखानदारांचा व यंत्रज्ञांचा वाटेल. वस्तुतः तो प्रत्येक चालकाच्या मनगटाशीं, आणि प्रसंगीं त्याच्या प्राणाशीं, निगडित आहे.

यंत्रवाहनापूर्वीच्या काळीं हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. बैलगाडीच्या धुरकऱ्याच्या हातांत कासरे असतात. उजव्या बाजूचा कासरा ओढला कीं बैलाची मान उजवीकडे वळते, आणि मानेमागोमाग गाडी वळते. येथें हात आणि परिणाम यांच्यामधला दोर डोळ्यांना दिसतो; त्याचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाहीं. घोड्याच्या गाडींत मात्र हातांची वांटणी झाली. लगाम डाव्या हातांत आणि चाबूक उजव्या हातांत, ही सारथ्यकर्माची जुनी रीत. आवरण्याचें काम डाव्याचें, चेतविण्याचें उजव्याचें. ही वांटणीसुद्धां उजव्या हाताच्या स्वाभाविक कौशल्यांतून आलेली होती. तींत कोणाचा हुकूम नव्हता.

मोटार आली आणि हा दिसणारा दोर नाहींसा झाला. इंजिनापर्यंत जाणारी तार किंवा सळई पत्र्याखालून कोठूनही नेतां येते. म्हणजे वेग वाढविण्याचें साधन उजव्या हाताशीं ठेवा, डाव्या हाताशीं ठेवा, नाहीं तर पायाशीं ठेवा. यंत्राला त्याचें सोयरसुतक नाहीं. जेथें निसर्ग कांहीं सांगत नाहीं तेथें मनुष्यानें संकेत ठरवावा लागतो, आणि तो ठरेपर्यंत प्रत्येक कारखानदार आपल्या मनाचा राजा असतो.

या मनमानीचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९०८ सालीं अमेरिकेंत निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ ही मोटार. तींत वेग वाढविण्याची लहानशी लिव्हर सुकाणूच्या चक्राखालीं उजव्या हाताशीं होती, आणि इंजिनांतील ठिणगी लवकर वा उशिरां पाडण्याची लिव्हर डाव्या हाताशीं. पायाशीं तीन पेडल होते खरे. पण उजवीकडचा ब्रेकचा, मधला गाडी मागें नेण्याचा आणि डावीकडचा गिअरचा. आजच्या एखाद्या कसलेल्या चालकास त्या गाडींत बसविलें, तर संकटसमयीं ब्रेक समजून तो मधला पेडल दाबील आणि गाडीस उलट गति देईल. तो अडाणी म्हणून नव्हे, तर दुसऱ्या शाळेंत शिकलेला म्हणून. आज जगभर रूढ असलेला क्लच, ब्रेक व अॅक्सिलरेटर हा डावीकडून उजवीकडचा क्रम १९१६ च्या एका कॅडिलॅक गाडींत दिसला, आणि १९२२ पासून इंग्लंडांत निघालेल्या लहानग्या ‘ऑस्टिन सेव्हन’नें तो सामान्य लोकांपर्यंत पोहोंचविला. चालक उजवीकडे बसो वा डावीकडे, पायांचा हा क्रम बदलत नाहीं. मोटारीच्या पायांचा संकेत असा लवकर ठरला.

दुचाकीच्या हातांचा संकेत ठरण्यास मात्र पुष्कळ वेळ लागला. अमेरिकेंतल्याच दोन मोठ्या कारखान्यांचें उदाहरण घ्या. हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांत वेगाची मूठ उजवीकडे आणि हातानें बदलण्याचा गिअर टाकीच्या डाव्या अंगास असे. ‘इंडियन’ नांवाच्या कारखान्याच्या अनेक गाड्यांत नेमकें याच्या उलट. पायांचीही तीच गत होती. ब्रिटिश पद्धतीच्या मोटारसायकलींत गिअर उजव्या पायाशीं व ब्रेक डाव्या पायाशीं असे. आपल्याकडच्या बुलेटनें ती पद्धत या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत सांभाळली. इतर बहुतेक गाड्यांत गिअर डाव्या पायाशीं. अमेरिकेच्या सरकारनें १९७४ च्या सप्टेंबरपासून गिअर डाव्या पायाशींच असला पाहिजे असा नियम केला, तेव्हां जगांतल्या कारखानदारांस आपल्या पद्धती जुळवून घ्याव्या लागल्या.

महाराष्ट्राच्या हातांना जें वळण लागलें, त्याचा उगम इटलींत आहे. १९४६ सालीं पिआज्यो या कारखान्यानें ‘व्हेस्पा’ ही स्कूटर काढली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानांचा यंत्रज्ञ होता, आणि मोटारसायकलींविषयीं त्यास मुळींच प्रेम नव्हतें. ज्यानें कधीं मोटारसायकल चालविली नाहीं अशा माणसानें चांगले कपडे घालून बसावें, पाय सपाट पत्र्यावर ठेवावे आणि चिखलाचा थेंब अंगावर न घेतां फिरावें, हा त्याचा हेतु होता. म्हणून त्यानें गिअर पायापासून काढून डाव्या हाताशीं नेला. डावी लिव्हर दाबली कीं क्लच सुटतो, आणि लिव्हर दाबलेल्या स्थितींतच मूठ वर-खालीं फिरविली कीं गिअर बदलतो. उजव्या हाताशीं वेगाची मूठ व पुढचा ब्रेक, उजव्या पायाखालीं मागचा ब्रेक, आणि डावा पाय अगदीं मोकळा.

हीच रचना परवान्यानें भारतांत आली. बजाज ऑटोनें १९६० च्या सुमारास व्हेस्पा येथें बनविण्यास प्रारंभ केला, आणि पुढें पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यांतून १९७२ सालीं ‘चेतक’ बाहेर पडली. राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करणारी ही स्कूटर पुढील तीन दशकें मध्यमवर्गीय घराची लक्ष्मी होऊन बसली. नंबर लावून वर्षानुवर्षें तिची वाट पाहणारीं कुटुंबें होतीं. त्या एका वाहनावर लक्षावधि डाव्या हातांनीं ‘दाबा, फिरवा, सोडा’ हा धडा गिरविला. तीनचाकी रिक्षा त्याच घराण्यांतली असल्यामुळें तिच्या हँडलावरही डाव्या मुठीला तोच क्लच आणि तोच फिरता गिअर आला, आणि इंजिनाच्या जोरावर चालणाऱ्या असंख्य रिक्षांत तो अद्यापि आहे. घोडबंदरच्या रस्त्यावर गायमुखाच्या चढणीला भरलेली रिक्षा अडली, म्हणजे या रचनेची कसोटी पाहावी. उजवा पाय ब्रेकवर, डाव्या मुठींत क्लच व पहिला गिअर, उजव्या मुठींत वेग. तिघांनीं एकाच क्षणीं देवघेव केली नाहीं तर गाडी बंद तरी पडते किंवा मागें तरी घसरते. रिक्षावाला हें सर्व बोलतां बोलतां करतो, कारण त्याचा विचार आतां डोक्यांत नसून मनगटांत राहावयास गेलेला असतो.

परंतु चेतकच्याही आधीं बहुतेक हातांनीं एक धडा शिकलेला असतो, आणि तो सायकलीचा. आपल्याकडच्या सायकलीस उजवी लिव्हर पुढच्या चाकाची व डावी मागच्या चाकाची असते. ही रीत इंग्लंडांतून आली. रस्त्याच्या डाव्या बाजूनें जाणाऱ्यास वळण्याची खूण उजवा हात पसरून करावी लागते. त्या वेळीं हँडलावर एकटा डावा हात उरतो. त्या एकट्या हातांत पुढचा ब्रेक असला आणि तो जोरानें दाबला गेला, तर स्वार हँडलावरून पुढें फेंकला जावयाचा. म्हणून त्याच्याकडे सौम्य असा मागचा ब्रेक दिला, असें त्याचें कारण सांगतात. अमेरिकेंत वाहनें उजव्या बाजूनें जातात, आणि तेथील नियमाप्रमाणें सायकलीची उजवी लिव्हर मागच्या चाकाची असते. तेथें गेलेल्या मराठी विद्यार्थ्यानें भाड्याची सायकल घेऊन उतारावर नेहमींच्या सवयीनें डावी लिव्हर दाबली, तर पुढचें चाक अडेल. सायकल तीच, हात तेच. बदलला तो संकेत.

आतां या सायकलीच्या धड्याशेजारीं चेतकचा धडा ठेवून पाहावा. सायकलीवर डावी लिव्हर म्हणजे थांबणें. चेतकवर डावी लिव्हर म्हणजे मोकळें सुटणें. तरीही फारसा घोंटाळा झाला नाहीं, कारण सायकल सोडून स्कूटर घेणारा मनुष्य शक्यतों मागें फिरत नसे. घोंटाळ्यास खरा प्रारंभ झाला तो बिनगिअरच्या दुचाकींमुळें. पुण्याच्या कायनेटिकनें १९७२ सालीं ‘लूना’ काढली, आणि १९८४ मध्यें जपानी होंडाच्या सहकार्यानें बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली. गिअर नाहीं म्हणून हाताचा क्लच नाहीं; क्लच नाहीं म्हणून डावी लिव्हर मोकळी पडली; आणि त्या मोकळ्या जागीं मागचा ब्रेक आला. सायकलीवरून थेट अशा स्कूटरवर आलेल्या शाळेंतल्या मुलांना व गृहिणींना तें अगदीं स्वाभाविक वाटलें. चेतकवर मुरलेल्या हातांना मात्र तें परकें होतें.

या परकेपणाचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा धोका निराळा आहे. गिअरची गाडी वर्षानुवर्षें चालविलेला मनुष्य बिनगिअरच्या स्कूटरवर बसतो. नाक्याजवळ येतांच त्याची चार बोटें आपण होऊन डावी लिव्हर पूर्ण आंत ओढतात, कारण क्लच अर्धवट दाबावयाचा नसतो हें त्यांस ठाऊक आहे. पण येथें ती ब्रेकची असते. कोरड्या रस्त्यावर जबर हिसका बसतो. पावसाळ्यांत, तेल सांडलेल्या जागीं, मागचें चाक अडकून स्कूटर आडवी होते. उलट, बिनगिअरच्या स्कूटरवर शिकलेला तरुण पहिल्यांदाच मोटारसायकल घेतो. समोर कोणी आडवें आलें कीं त्याचे दोन्ही हात दोन्ही लिव्हरी आवळतात. उजवीनें पुढचा ब्रेक लागतो; पण डावीनें क्लच सुटतो, इंजिनाचा जो थोडा आवर चाकावर होता तोही जातो, आणि खरा मागचा ब्रेक उजव्या पायाखालीं न दाबलेला राहतो. त्यानें शक्ति पणाला लावली खरी, पण तिच्यांतली अर्धी वायां गेली.

ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत अकरा मीटर पुढें जातें. हात चुकल्याचें ध्यानांत येऊन तो दुरुस्त होण्यास अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यांत साडेपांच मीटर, म्हणजे रिक्षेच्या लांबीच्या सुमारें दुप्पट अंतर, ब्रेकावांचून कापलें जातें. वरसाव्याच्या नाक्यावर दोन वाहनांत इतकें अंतर क्वचितच असतें.

हा दोष चालकाचा कीं रचनेचा? या प्रश्नास शास्त्रीय उत्तर दुसऱ्या महायुद्धानें दिलें. अमेरिकेंत ‘बी-१७’ या बाँबफेंकी विमानांत चाकें वर घेण्याचें आणि पंखांच्या झडपा हलविण्याचें अशीं दोन साधनें शेजारींशेजारीं व एकाच आकाराचीं होतीं. जमिनीवर सुखरूप उतरल्यानंतर झडपा मिटावयाच्या, तर वैमानिक चाकेंच मिटीत आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञानें एका साधनाच्या टोंकाला चाकाचा आकार दिला आणि दुसऱ्याच्या टोंकाला पाचरीचा. हातालाच आकार कळूं लागला आणि चूक टळली. पुढें १९४७ सालीं पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनीं वैमानिकांच्या हातून झालेल्या ४६० चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सर्वांत मोठा वर्ग एका साधनाऐवजीं दुसरें हाताळल्याचा होता. इंजिनाचा वेग, पंख्याचा कोन व इंधनाचें मिश्रण यांच्या तीन लिव्हरींचा क्रम तीन निरनिराळ्या विमानांत तीन प्रकारचा होता, हेंही त्यांनीं दाखवून दिलें. म्हणजे ज्यांस वैमानिकाच्या चुका म्हटलें गेलें, त्यांतल्या पुष्कळशा रचनाकाराच्या होत्या.

या शोधाचें सार असें कीं, घाईच्या क्षणीं मनुष्य विचार करीत नाहीं. त्याचा हात मागचा धडा म्हणून दाखवितो. म्हणून साधनाची जागा ही एक प्रकारचें वचन असते. ‘येथें हात घातलास तर अमुक घडेल’ असें तें वचन. जागा उजवी कीं डावी याला स्वतःचें असें फारसें महत्त्व नाहीं. सर्वांनीं एकच जागा मानली आणि ती बदलली नाहीं, यांतच संकेताचें सारें सामर्थ्य आहे.

अर्थात् प्रत्येक मोडलेल्या वचनाची किंमत सारखी नसते. आपल्याकडच्या जपानी घराण्याच्या मोटारींत वळण्याचा दिवा लावण्याची काडी सुकाणूच्या उजवीकडे व कांच पुसण्याची डावीकडे असते; युरोपीय घराण्याच्या मोटारींत याच्या उलट. एकीवरून दुसरीवर गेलेला चालक भर उन्हांत कोरडी कांच पुसूं लागतो, शेजारीं बसलेले हंसतात, आणि प्रकरण तेथेंच मिटतें. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा गिअर सुकाणूच्या दांड्यालाच डाव्या अंगास असे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या टॅक्सीनें रस्त्याचा निरोप घेतला. तिच्या चालकांस नव्या गाडींत गिअर खालीं शोधावा लागला, तरी गिअर सांपडण्यास क्षणभर उशीर झाल्यानें सहसा कोणाचा जीव जात नाहीं. ब्रेकची गोष्ट निराळी आहे. जें साधन संकटांतच लागतें, त्याचा संकेत सर्वांत पक्का असावयास हवा. आणि दुर्दैव असें कीं, डाव्या मुठीला नेमका तोच कच्चा राहिला.

तो कच्चा राहिला तो दुर्लक्षामुळें नव्हे. दुचाकींच्या साधनांविषयीं संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें केलेला साठावा वाहननियम आणि ‘आयएसओ ४०२१’ हें आंतरराष्ट्रीय प्रमाण यांनीं प्रत्येक साधनाची जागा ठरवून दिली आहे. वेगाची मूठ उजवी, पुढच्या ब्रेकची लिव्हर उजवी. डाव्या लिव्हरीपुरती मात्र तडजोड केलेली आहे: हाताचा क्लच असेल तर तेथें क्लच, नसेल तर तेथें मागचा ब्रेक. जागा एकच आणि दावेदार दोन, अशी ही स्थिति होती. क्लच असलेल्या गाड्याही लक्षावधि आणि नसलेल्याही लक्षावधि. कोणा एकास हुसकून लावणें शक्य नव्हतें. भारताच्या कायद्यानेंही हा भेद ओळखला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत गिअरची दुचाकी आणि बिनगिअरची दुचाकी यांचे परवाने निरनिराळे आहेत, आणि बिनगिअरच्या परवान्यावर गिअरची गाडी चालवितां येत नाहीं. त्या नियमाच्या मुळाशीं हें सत्य आहे कीं, तीं दोन वाहनें हाताला दोन निराळ्या भाषा बोलावयास लावतात.

तथापि या गोंधळांत एक जागा अढळ राहिली आहे, आणि ती प्रत्येक चालकानें मनावर कोरून ठेवण्यासारखी आहे. सायकल, चेतक, बिनगिअरची स्कूटर किंवा मोटारसायकल, यांपैकीं कशावरही आपल्या देशांत उजवी लिव्हर म्हणजे पुढचाच ब्रेक. आणि पुढचा ब्रेक हाच मुख्य ब्रेक होय. वाहन थांबूं लागलें कीं त्याचा व स्वाराचा भार पुढच्या चाकावर झुकतो. भार वाढला कीं त्या चाकाची रस्त्यावरची पकड वाढते. मागचें चाक मात्र हलकें होऊन सहज घसरतें. ‘पुढचा ब्रेक दाबला तर कोलांटी होते’ या लहानपणच्या धाकामुळें पुष्कळ लोक उजवी लिव्हर वापरीतच नाहींत आणि सारा भरंवसा डावीवर टाकतात, म्हणजे जिचा अर्थ वाहनागणिक बदलतो तिच्यावर. झटका न देतां, हळूहळू दाब वाढवीत, हँडल सरळ ठेवून पुढचा ब्रेक लावण्याची संवय हीच या विसंवादावरची चालकाच्या हातांतली पहिली मात्रा आहे.

दुसरी मात्रा यंत्रज्ञांनीं दिली. १ एप्रिल २०१९ पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या १२५ घनसेंटीमीटरपर्यंतच्या दुचाकींस दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी ‘सीबीएस’ किंवा चाक अडकूं न देणारी ‘एबीएस’ यांपैकीं एक व्यवस्था आवश्यक झाली. त्याहून मोठ्या दुचाकींस ‘एबीएस’च. बिनगिअरच्या बहुतेक स्कूटरांत या जोडणीमुळें डावी लिव्हर दाबली असतां मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक कांहीं अंशीं लागतो. हात बदलत नाहींत असें पाहून यंत्रानें आपला स्वभाव बदलला, असें याचें वर्णन करतां येईल.

उजव्या मुठीचा संकेत अढळ असला तरी निर्दोष आहे असें मात्र नाहीं. वेगाची मूठ स्वतःकडे पिळली कीं वेग वाढतो. गाडी अचानक पुढें उसळली कीं स्वाराचें अंग मागें जातें, मुठीवरचा हात अंगाबरोबर मागें ओढला जातो, आणि मूठ आणखीच पिळली जाते. चूक स्वतःच स्वतःला वाढविते. विजेच्या स्कूटरीस आवाज नसल्यामुळें ती चालू आहे कीं बंद हें उभ्या उभ्या कळत नाहीं. पुढें उभ्या केलेल्या लहान मुलानें गंमत म्हणून मूठ पिळावी आणि स्कूटर झेपावावी, हा प्रसंग टाळण्याचा उपाय एकच आहे: थांबतांक्षणीं किल्ली बंद करणें, आणि मूल चढण्यापूर्वीं ती कधींही न फिरविणें.

याच्या तुलनेंत अपंगांच्या मोटारींतील हाताची योजना पाहण्यासारखी आहे. ज्यांचे पाय साथ देत नाहींत त्यांच्यासाठीं ब्रेक व अॅक्सिलरेटर यांस जोडलेली एक लिव्हर सुकाणूजवळ बसवितात. तिच्या नेहमींच्या प्रकारांत लिव्हर पुढें ढकलली कीं ब्रेक लागतो. गाडी थांबतांना चालकाचें अंग पुढेंच जातें. म्हणजे येथें शरीराचा झोंक थांबण्याच्याच बाजूस मदत करतो. २०१९ च्या दुरुस्तीनें आपल्या कायद्यांत अशा फेरफार केलेल्या वाहनांची स्वतंत्र व्याख्या आली. जी रचना विशिष्टांसाठीं करावी लागली, तिनें सामान्यांच्या रचनेंत काय उणें आहे हें दाखवून द्यावें, हा अनुभव इतर क्षेत्रांतही येतो.

आतां या कथेला एक नवें वळण मिळत आहे. चेतक स्कूटरीचें उत्पादन एके काळीं बंद झालें होतें. २०२० च्या जानेवारींत तेंच नांव घेऊन विजेवर चालणारी चेतक बाजारांत आली. तिला गिअर बदलावा लागत नाहीं, म्हणून क्लच नाहीं; तिची डावी लिव्हर ब्रेकची आहे. १९७२ च्या चेतकवर त्याच जागीं क्लच होता. नांव एक, जागा एक, आणि अर्थ अगदीं विरुद्ध. वडिलांनीं जुन्या चेतकवर कमावलेला हात घेऊन मुलाच्या नव्या चेतकवर बसावें, तेव्हां ओळखीच्या नांवावर विसंबून न राहतां, निघण्यापूर्वीं गाडी उभी असतांनाच दोन्ही लिव्हरी दाबून पाहाव्या, त्या काय करतात तें मोठ्यानें स्वतःशीं म्हणावें, आणि पहिले कांहीं किलोमीटर रहदारीपासून दूर अशा रस्त्यावर जावें. हीच काळजी मित्राची गाडी मागून नेणाऱ्यानें, रिक्षा ठेवून स्कूटरीवर घरीं निघणाऱ्या चालकानें, आणि मुलीला शिकविणाऱ्या आईनेंही घ्यावी. हातास नवा धडा देण्यास एक दिवस पुरत नाहीं; पण ‘ही गाडी निराळी आहे’ हें निघतांना आठवण्यास एक क्षण पुरतो.

विजेचीं वाहनें जसजशीं वाढतील तसतसा हाताचा क्लच मागें पडत जाईल, आणि मग डाव्या मुठीवरचा दुसरा दावेदार आपोआप दूर होईल. सायकलीपासून मोटारसायकलीपर्यंत डावी लिव्हर म्हणजे थांबणें असा एकच अर्थ उरेल, आणि लहानपणीं शिकलेला पहिलाच धडा अखेरपर्यंत खरा ठरेल. तोंपर्यंतचा काळ मात्र संधिकाळ आहे, आणि संधिकाळांतच वाट चुकण्याचें भय अधिक असतें. वरसाव्याच्या नाक्यावर दिवा हिरवा होतो, चार डाव्या मुठी एकदमच सैल पडतात, आणि चौघेही पुलाकडे निघतात. वाटेंत अवचित थांबण्याची वेळ आली, तर त्यांतल्या प्रत्येकाच्या बोटांना आपल्या लिव्हरीचा अर्थ ठाऊक असला पाहिजे.